लोहाऱ्याचे जमशेदपूर : एका अभावाची चिकित्सा



गेल्या व्याख्यानानंतर दोघा-तिघा श्रोत्यांनी आम्हाला कळवले की, सर, तुमचे तत्त्वज्ञान ऐकायला बरे वाटते, पण ते आमच्या जिल्ह्यात कुठे उतरते ते एकदा सांगा. तक्रार रास्त आहे. म्हणून आज आम्ही उदाहरणाला एक गाव घेतले आहे. अडचण एवढीच, की ते गाव नाही. ते ओसाड पडले, धरणात गेले, असेही नाही. ते कधी झालेच नाही. आणि तरीसुद्धा चंद्रपूर-गडचिरोलीकडे त्याच्याबद्दल जेवढे बोलले जाते तेवढे असलेल्या गावांबद्दल बोलले जात नाही.

वाक्य तुम्ही ऐकलेले असणार. पानठेल्यावर, स्टेशनच्या बाकड्यावर, सत्कार समारंभाच्या भाषणात, कुठेही. ‘टाटांचा पोलादाचा कारखाना आधी आपल्या चांद्यालाच होणार होता. जमशेदपूर इथे व्हायचे होते. पण आपले नशीब फुटके.’ वाक्य संपले की एक सुस्कारा. मग चहा.

आज या एका वाक्याची आम्हाला चिकित्सा करायची आहे. वाक्य खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. त्यातला पहिला भाग बऱ्यापैकी खरा आहे. पण त्या सुस्काऱ्यात जे तत्त्वज्ञान दडले आहे ते चुकीचे आहे आणि ते आपल्याला महाग पडते आहे, असे आमचे म्हणणे आहे.

आधी हकीकत पाहू. हकीकत नीट माहीत नसताना चिकित्सा करणे म्हणजे रोगी न बघता औषध देणे.

मुंबईहून निघालेली रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली. पुढच्या दशकात वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्यापर्यंत एक फाटा आला. त्याचे नावच ‘वर्धा कोल स्टेट रेल्वे’. कशासाठी आला? नावातच उत्तर आहे. वरोऱ्याला १८७१ पासून कोळशाची खाण सुरू होती. इंजिनाला कोळसा हवा, म्हणून रूळ आले. माणसे त्या रुळांवरून नंतर गेली. याच सुमारास जमशेटजी टाटांनी नागपूरला एम्प्रेस मिल काढली, १ जानेवारी १८७७. म्हणजे हा मुलूख त्यांना परका नव्हता. कापूस इथला, रेल्वे इथली, कोळसा हाकेच्या अंतरावर.

मग १८८२ साली त्यांच्या वाचनात एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल आला. रिटर फॉन श्वार्त्झ हे त्याचे नाव. चांदा जिल्ह्यात लोखंड गाळण्याचा धंदा किफायतशीर होईल का, हा विषय. त्यात लोहारा या गावाजवळच्या लोहखनिजाची भरपूर तारीफ होती. आता लोहारा नावाची गावे आपल्याकडे एकाहून अधिक आहेत. हा लोहारा जुन्या चांदा जिल्ह्याच्या ईशान्येकडला, आजच्या सिंदेवाही-ब्रह्मपुरीच्या बाजूचा. गावाचे नावच सांगते की तिथे लोखंडाचे काम जर्मन माणूस येण्याच्या कितीतरी आधीपासून चालत होते. असो. हिशेब सरळ दिसत होता. लोखंड लोहाऱ्याला, कोळसा वरोऱ्याला, रेल्वे वरोऱ्यापर्यंत आलेली. तीन रेघा जिथे मिळतात तिथे कारखाना, आणि कारखान्याभोवती गाव.

जमशेटजींनी वरोऱ्याचा कोळसा तपासायला जर्मनीला नेला. निकाल आला की हा कोळसा लोखंड गाळायच्या कामाचा नाही. शिवाय सरकारच्या खाणपट्ट्याच्या अटी जाचक होत्या. तेव्हा त्यांनी तो विचार बाजूला ठेवला. बाजूला ठेवला म्हणजे सोडला नाही बरं का. सतरा वर्षे मनात ठेवला.

१८९९ साली कर्झनच्या सरकारने खनिजांचे नियम सैल केले. त्याच वर्षी मेजर महॉन यांचा, हिंदुस्थानात आधुनिक पोलाद करता येईल, असा अहवाल आला. जमशेटजी पुन्हा उठले. विलायतेत मंत्र्याला भेटले, १९०२ साली अमेरिकेत जाऊन चार्ल्स पेज पेरिन या अभियंत्याला गाठले. पेरिनने आपला सहकारी सी. एम. वेल्ड याला पाठवले. १९०४ साली वेल्ड, दोराबजी टाटा आणि त्यांचे आतेभाऊ शापुरजी सकलातवाला असे तिघे चांद्याच्या जंगलात उतरले. बैलगाडीतून फिरणे, पाण्याचे हाल, वाघाचा मुलूख. हे सकलातवाला कोण? तेच, जे पुढे १९२२ साली लंडनच्या बॅटर्सीतून, कम्युनिस्ट असूनही मजूर पक्षाचे उमेदवार म्हणून, ब्रिटिश संसदेत निवडून गेले. आपल्या जंगलात लोखंड शोधणारा माणूस मजुरांचा खासदार झाला. इतिहास कधीकधी असे करतो.

वेल्डने डोंगर तपासले आणि सांगितले की खनिज उत्तम आहे, पण पुरेसे नाही. इथे थोडे, तिथे थोडे. मोठा कारखाना पिढ्यान्‌पिढ्या चालवायचा तर एवढ्यावर भागणार नाही. मे १९०४ मध्ये जमशेटजी जर्मनीत वारले. पुढे काय करायचे या विवंचनेत दोराबजी नागपूरला सरकारी कचेरीत गेले. अधिकारी जागेवर नव्हते, म्हणून वेळ काढायला समोरच्या संग्रहालयात शिरले. आपला अजब बंगला! तिथे मध्य प्रांताचा भूगर्भीय नकाशा टांगलेला. त्यात दुर्ग जिल्ह्याचा भाग लोखंडासाठी गडद रंगवलेला. झाले! मंडळी दुर्गकडे वळली, धल्ली-राजहराच्या डोंगरावर गेली. लोखंड अमाप होते. पण कोक होणारा कोळसा झरियाचा, आणि पाणी? शोध पुढे सरकत राहिला. त्या दुर्गच्या लोखंडाची नोंद आधी करणारे भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस. तेच बोस मयूरभंज संस्थानातून लिहीत होते की इकडे गोरुमहिसानीच्या डोंगरात या. अखेर सुवर्णरेखा आणि खरकाई या नद्यांच्या संगमाजवळ साकची नावाचे गाव सापडले. जवळचे स्टेशन कालीमाटी, बंगाल-नागपूर रेल्वेवरचे. बघा, रेल्वेच्या नावात ‘नागपूर’ राहिले, कारखाना गेला. २६ ऑगस्ट १९०७ रोजी कंपनी नोंदली गेली, १९१२ साली पोलाद निघाले. १९१९ साली साकचीचे जमशेदपूर झाले आणि कालीमाटी स्टेशनचे टाटानगर.

एक गंमत सांगतो. गडचिरोली जिल्हा झाला तो दिवसही २६ ऑगस्टच, साल १९८२. आता कोणी यात योग बघेल. आम्ही तर्कशास्त्र शिकवलेले असल्यामुळे आम्हाला त्यात फक्त एक तारीख दिसते.

तर ही हकीकत. आता चिकित्सा.

आपल्या न्याय-वैशेषिक परंपरेत एक फार सुंदर विचार आहे. कणादाने पदार्थ सहा सांगितले. पुढच्यांनी सातवा जोडला, अभाव. म्हणजे ‘नसणे’ हाही जगातला एक पदार्थ मानला. आमचे विद्यार्थी हसायचे. ‘सर, नसलेली गोष्ट असते कशी?’ आम्ही म्हणायचो, खिशात हात घाल. पाकीट नाही. तुला जे कळले ते काय कळले? काहीतरी कळले की नाही? तुझ्या चेहऱ्यावर दिसते आहे की!

या अभावाचे चार प्रकार सांगतात. तर्कसंग्रह हे अन्नंभट्टाचे छोटेखानी पुस्तक ज्यांनी उघडले असेल त्यांना माहीत असणार. पहिला प्रागभाव : मडके होण्यापूर्वी मडक्याचे नसणे. दुसरा प्रध्वंसाभाव : मडके फुटल्यावर मडक्याचे नसणे. तिसरा अत्यंताभाव : वाऱ्याच्या ठिकाणी रंगाचे नसणे, जो कधी नव्हता आणि नसणार. चौथा अन्योन्याभाव : मडके म्हणजे कापड नव्हे, हे वेगळेपण.

आता प्रश्न असा की, लोहाऱ्याला पोलादनगरी नाही हा यातला कोणता अभाव?

सुस्कारा टाकणारा माणूस तो प्रध्वंसाभाव धरतो. त्याचे दुःख फुटलेल्या मडक्याचे आहे. ‘आपले गेले, त्यांनी नेले.’ पण जे कधी घडलेच नाही ते फुटणार कसे? आपल्याकडून काही कोणी उचलून नेले नाही. खनिज जिथल्या तिथे आहे. वरोऱ्याच्या कोळशाचा कोक होत नव्हता, तो बिहारात नेला म्हणून व्हायला लागला असे नाही. ‘चांद्यात लोखंड पुरेसे असते, कोळसा कोकचा असता, तर जमशेदपूर इथे झाले असते’ या म्हणण्याला मराठीत जुने उत्तर आहे : आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटले असते.

इथे आम्ही स्वतःच एक आक्षेप घेतो, कारण प्रामाणिकपणाने तो घ्यायला हवा. १८८२ साली अडचणी दोन होत्या. कोळसा ही निसर्गाची अडचण, पण पट्ट्याच्या अटी ही माणसाने केलेली. अटी सैल असत्या तर निदान प्रयत्न झाला असता, असे कोणी म्हटले तर ते म्हणणे फेटाळता येत नाही. तेवढ्यापुरती तक्रार खरी. पण १८९९ नंतर ती अडचण दूर झाली होती. १९०४ साली परवाना होता, पैसा होता, अमेरिकन तज्ज्ञ होता, आणि टाटा स्वतः जंगलात होते. उरला तो फक्त डोंगर, आणि डोंगराने ‘पुरत नाही’ म्हटले. यात कोणाचा पक्षपात नाही. निकाल अन्यायाचा असता तर आपण भांडलो असतो. निकाल मोजणीचा आहे, म्हणून भांडायला समोर कोणी नाही. आमच्या मते सुस्काऱ्याचे खरे कारण हेच असावे.

बरे, प्रध्वंस काहीच झाला नाही का? झाला. इथेच आमची मुख्य तक्रार आहे. वरोऱ्याची खाण १९०६ साली बंद झाली. त्या खाणीसाठी रेल्वे आली होती, तिच्याभोवती वस्ती वाढली होती. ती गेली. त्याची कोणाला हळहळ? कुणालाच नाही. गावोगावी लोखंड गाळणाऱ्यांच्या भट्ट्या विझल्या. त्यांचे कसब गेले, ते परत येणार नाही. हळहळ? नाही. नागपूर-नागभीड ही छोटी लाइन, अरुंद रुळांची, शंभर वर्षांहून जास्त चालली. नोव्हेंबर २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. त्या गाडीने भाजी, दूध, शिकणारी पोरे ने-आण केली. तिच्याविषयी चार ओळी छापून आल्या असतील. म्हणजे ज्या गोष्टी खरोखर होत्या आणि खरोखर गेल्या, त्यांचा शोक आपण केला नाही. जे नव्हतेच त्याचा शोक शंभरावर वर्षे चालला आहे. याला आम्ही शोकाची चुकीची नोंद म्हणतो. खऱ्या खात्यातला पैसा खोट्या खात्यावर मांडलेला.

आता दुसरे टोक. राज्यकर्ते, योजनाकार, गुंतवणुकीच्या परिषदा, यांना विचारा. ते म्हणतील, हा प्रागभाव आहे. ‘नाही’ असे नका म्हणू, ‘अजून नाही’ म्हणा. गडचिरोली आता पोलादाचे केंद्र होणार, नवे जमशेदपूर होणार. एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरावर खाण सुरू आहे, चामोर्शी तालुक्यात कोनसरीला कारखाना उभा राहिला आहे. तिथले खनिज लोहाऱ्यासारखे तुटपुंजे नाही. हे आम्ही मान्य करतो. म्हणजे वेल्डचा जो आक्षेप होता तो इथे लागू नाही.

पण प्रागभावाचे एक लक्षण नैयायिकांनी सांगितले आहे ते लक्षात घ्या. प्रागभाव अनादी असतो, पण त्याला अंत असतो. मडके झाले की तो संपतो. म्हणजे ‘अजून नाही’ असे म्हणायचा अधिकार ज्याच्या हातात माती आणि चाक आहे त्यालाच. जो नुसताच ‘अजून नाही, अजून नाही’ म्हणत राहतो त्याचा तो प्रागभाव नव्हे, ती तारीख पे तारीख.

रेल्वेचेच घ्या. गडचिरोली जिल्ह्यात आजवर प्रवाशांच्या कामाचे स्टेशन एकच, वडसा. तेही जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, गोंदिया-नागभीड-बल्लारशाह मार्गावर. गावाला नगरपालिका देसाईगंज म्हणते, रेल्वे वडसा म्हणते. वडशाहून गडचिरोलीपर्यंतचा मार्ग सुमारे पन्नास किलोमीटरचा. मंजूर होऊन दशक उलटून गेले. सिरोंच्याच्या माणसाला आपल्याच जिल्ह्याच्या स्टेशनपेक्षा तेलंगणातले स्टेशन जवळ पडते. आणि तरीही देसाईगंज वाढले. कुणी आराखडा काढून नव्हे. धानाचा बाजार, गाडीची वेळ, आसपासच्या गावांचा राबता, यांनी ते वाढवले. जे गाव ठरवले ते झाले नाही, जे ठरवले नव्हते ते झाले. यावर योजनाकारांनी दोन मिनिटे तरी थांबायला हवे.

आणखी एक बघा. वेल्ड मंडळी जंगलात बैलगाडीने फिरली १९०४ साली. त्यानंतरच्या दहाएक वर्षांत गोंदियाहून नागभीड, सिंदेवाही, मूल करत चांदा फोर्टपर्यंत छोटी लाइन आली. म्हणजे लोखंडाच्या मुलखात रेल्वे आली ती लोखंडाचा शोध घेणारे निघून गेल्यावर! आज ती मोठी लाइन आहे. आलेवाही, राजोली, मूल-मारोडा, केळझर... ही स्टेशने तुम्ही गाडीतून पाहिली असतील. फलाट, एक पिंपळ किंवा कडुलिंब, पाण्याचा नळ, मागे साग आणि बांबू. गाडी एक मिनिट थांबते. उतरणारे सात-आठ, त्यांच्या डोक्यावर मोहाच्या दिवसांत टोपल्या. मुंबई-पुण्याचा माणूस खिडकीतून बघतो आणि म्हणतो, ‘इथे काहीच नाही.’

थांबा. या ‘इथे काहीच नाही’वर आम्हाला थोडे रेंगाळायचे आहे.

नैयायिकांचे ठरलेले उदाहरण आहे : ‘भूतलावर घट नाही.’ जमिनीवर घडा नाही. या ज्ञानात दोन गोष्टी असतात. ज्याचा अभाव तो प्रतियोगी, म्हणजे घडा. जिथे अभाव तो अनुयोगी, म्हणजे जमीन. आणि शास्त्र सांगते की जमीन दिसल्याशिवाय ‘जमिनीवर घडा नाही’ असे ज्ञान होत नाही. आंधळ्या कोठीत ‘घडा नाही’ म्हणता येत नाही, कारण तिथे असला तरी दिसला नसता. मुद्दा कळला का? अभाव नीट जाणायचा तर आधी जागा नीट बघावी लागते.

आपल्या सगळ्या चर्चेत प्रतियोगी लख्ख आहे. जमशेदपूर! रुंद रस्ते, सावलीची झाडे, मैदाने, बागा. जमशेटजींनी १९०२ साली दोराबजींना पत्रातून हे सगळे कळवले होते आणि ते मोठ्या मनाचे पत्र आहे. पण अनुयोगी कुठे आहे? ती जमीन कोणी पाहिली? जिथे हे नगर झाले असते तिथे तेव्हा कोण राहत होते, काय पेरत होते, कोणत्या देवाला नारळ फोडत होते?

इथे आम्हाला आमची स्वतःची चूक सांगितली पाहिजे. आम्ही महाविद्यालयात असताना कितीतरी वर्षे हीच गोष्ट वर्गात रंगवून सांगायचो. कार्यकारणभाव शिकवायला सोयीची. ऍरिस्टॉटलची चार कारणे घ्यायची : खनिज हे द्रव्यकारण, आराखडा हे आकारकारण, टाटा हे निमित्तकारण, देशाची प्रगती हे प्रयोजन. द्रव्यकारण कमी पडले म्हणून कार्य झाले नाही. फळ्यावर छान बसायचे. एका वर्षी सिंदेवाहीकडून येणारी एक मुलगी उभी राहिली. बोलणारी नव्हती, मागच्या बाकावर बसायची. म्हणाली, ‘सर, तिथं कारखाना झाला असता तर आमचं गाव कुठं गेलं असतं?’

आम्ही हसून म्हटले, ‘अगं, तुमचे गाव मोठे शहर झाले असते!’

ती म्हणाली, ‘गाव झालं असतं जी, आम्ही कुठं गेलो असतो?’

तास संपला म्हणून आम्ही सुटलो. उत्तर आमच्यापाशी नव्हते. आम्ही पीएच.डी. होतो, अभावाचे चारही प्रकार पाठ होते, आणि अनुयोगी आमच्या समोरच्या बाकावर बसलेला आम्हाला वर्षभर दिसला नव्हता.

साकचीही मोकळी जमीन नव्हती. गाव होते. आसपास संथाळ, हो, भूमिज लोक होते. जमशेदपूर झाले म्हणजे काही झाले आणि काही गेले. आपण झालेले मोजतो. सुरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेव आहे, माडिया लोक तिथे जमतात, यात्रा भरते. खाणीला विरोध झाला तो याच अनुयोगीच्या बाजूने. विरोध करणाऱ्यांचे प्रत्येक म्हणणे बरोबर असेल असे नाही. रोजगार मिळाला म्हणणाऱ्यांचे म्हणणेही ऐकले पाहिजे, तीही तिथलीच पोरे आहेत. पण डोंगराला ‘साठा’ म्हणायचे की ‘देव’ म्हणायचे, हा प्रश्न केवळ टनांत सुटणारा नाही. ज्यांची जमीन आहे त्यांना आधी बघा, मग घडा आहे की नाही ते सांगा. आमचे म्हणणे एवढेच.

आता तिसरा मुद्दा, चौथ्या अभावाचा. चंद्रपूर म्हणजे जमशेदपूर नव्हे. हा अन्योन्याभाव. मडके कापड नाही, यात मडक्याचा काय गुन्हा? वेगळेपण म्हणजे उणेपण नव्हे. पण आपण अन्योन्याभावाचे उणिवेत भाषांतर करतो.

आणि ज्याच्याशी तुलना करतो ते तरी काय आहे? कारखाना, वसाहत आणि नगर या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. कारखाना भांडवलाने होतो. वसाहत आराखड्याने होते. नगर मात्र तिथल्या माणसांनी आपापसांत भांडून, ठरवून, चुकून, पुन्हा ठरवून होते. ऍरिस्टॉटलचे सांगणे असे की नगर जगण्यासाठी निर्माण होते, पण टिकते ते चांगले जगण्यासाठी. जमशेदपूर दहा लाखांवर वस्तीचे शहर झाले, स्वच्छ, नीटनेटके. पण निवडून दिलेली महानगरपालिका तिथे नाही. पाणी चोख येते. मात्र पाण्यावर भांडायला नगरसेवक नाही. आमचा वरोरा बघा. रस्त्यात खड्डे असतील, पण नगरपालिका इंग्रजांच्या काळापासून आहे, आणि तिथल्या एका उपनगराध्यक्षाने एकेकाळी मैला वाहणाऱ्यांबरोबर स्वतः मैल्याची टोपली उचलली होती. नाव सांगायला हवे का? मुरलीधर देविदास आमटे. बाबा.

आणि इथे आमच्या व्याख्यानातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट येते. वरोऱ्याला कोळशाची खाण आली आणि गेली. पोलादनगरीचे स्वप्न आले आणि गेले. त्यानंतर त्याच वरोऱ्याच्या वेशीबाहेर एक नियोजित वसाहत खरोखर झाली. १९४९ साली महारोगी सेवा समिती, आणि पाठोपाठ आनंदवन. जागा कसली? दगडगोट्यांची, जिच्यावर कोणा कंपनीने नजर टाकली नसती. माणसे कोणती? ज्यांना कोणतेही गाव वेशीच्या आत घेत नव्हते ती. त्यांनी विहिरी खोदल्या, शेती उभी केली, माग चालवले, घरे बांधली, शाळा-कॉलेज काढले. वेल्डच्या निकषांनी मोजले असते तर अहवाल एका ओळीचा झाला असता : इथे काही नाही. द्रव्यकारण शून्य. हाताला बोटे नाहीत. पण गाव झाले.

यावरून ‘कारखाने नकोत, आश्रम काढा’ असा निष्कर्ष काढू नका. आनंदवनाची नक्कल करता येत नाही, आणि पोलादाशिवाय रेल्वेचे रूळही होत नाहीत. इतिहासाचा सूडही नको आणि भाबडेपणाही नको. सांगली जिल्ह्यात कुंडल रोड नावाच्या आडवळणी स्टेशनाजवळच्या माळावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना आणि गाव दोन्ही वसवले, आणि स्टेशनचे नाव किर्लोस्करवाडी झाले. तेव्हा आराखड्याने गाव होतच नाही असेही नाही. प्रश्न आहे तो आराखड्यात माणसे कुठे बसवली आहेत याचा. नकाशावर रंग भरून उरलेल्या पांढऱ्या जागेत, की मधोमध?

धानोरा तालुक्यातले मेंढा-लेखा घ्या. छोटे गोंड गाव. २००९ साली त्यांना वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, २०११ साली स्वतःचा बांबू स्वतः विकायचा परवाना हातात आला. तिथे स्टेशन नाही, भट्टी नाही. पण ग्रामसभा बसते आणि एकमत होईपर्यंत उठत नाही. आमच्या व्याख्येने हे नगर आहे. लोकसंख्येने नव्हे, लक्षणाने.

आता गाडी स्टेशनात आणतो, वेळ होत आली.

लोहाऱ्याची पोलादनगरी हा प्रध्वंस नव्हे, म्हणून रडू नका. तो प्रागभावही नव्हे, म्हणून वाट बघत बसू नका. त्या जागी, त्या डोंगरावर, त्या हिशेबाने तो अत्यंताभावच होता, म्हणून ती गोष्ट मिटवा. सुरजागड-कोनसरीची गोष्ट वेगळी आहे. ती खरी आहे, आज घडते आहे, आणि म्हणूनच तिला जुन्या स्वप्नाचे नाव देऊ नका. ‘नवे जमशेदपूर’ म्हटले की शंभर वर्षांची हळहळ एका घोषणेच्या मागे उभी राहते आणि मग कोणी प्रश्न विचारत नाही. हळहळणारा माणूस सौदा नीट करत नाही. तो म्हणतो, या खेपेला तरी हातचे जाऊ नये. तुम्ही मात्र विचारा. गाव होणार की गेटच्या आतली कॉलनी? त्यात नगरसेवक असेल की नुसता व्यवस्थापक? डोंगर पोखरून झाल्यावर, वरोऱ्याच्या खाणीसारखा, १९०६चा दिवस आला की काय उरेल? आणि त्या मुलीचा प्रश्न : गाव झाल्यावर आम्ही कुठे?

ती मुलगी आता कुठे आहे आम्हाला माहीत नाही. पन्नाशीच्या आत-बाहेर असेल. आम्ही निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. मध्यंतरी गोंदियाच्या गाडीने येताना सिंदेवाहीला गाडी जरा जास्त थांबली. आम्ही खिडकीतून बघत होतो. फलाटावर माणसे होती, पोती होती, एक म्हातारी नातवाला सायकलवर बसवून फाटकाकडे नेत होती. आम्ही मुद्दाम स्वतःला विचारले, इथे काय आहे? आणि आयुष्यात पहिल्यांदा जमशेदपूर आठवले नाही.

एवढेच सांगायचे होते.